एम १०१ ठाण्याच्या गच्चीवरून का दिसत नाही? दुर्बीण बदलण्याआधी एवढं वाचा

तुमचा प्रश्न असा आहे: घोडबंदर रोडला राहता, सहा इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण, घेतली आहे, गच्चीवरून शनी, गुरू, चंद्र झकास दिसतात. वीणा तारकासमूहातला एम ५७, म्हणजे कंकणाकृती तेजोमेघ, पहिल्याच प्रयत्नात सापडला. ॲपमध्ये त्याची प्रत, म्हणजे तेजस्वितेचा आकडा (जितका लहान तितकी वस्तू तेजस्वी), ८.८ आहे. सप्तर्षीतल्या एम १०१ या सर्पिल दीर्घिकेची प्रत ७.९, म्हणजे ती जास्त तेजस्वी असायला हवी. मग तीन रात्री शोधूनही ती का सापडत नाही? दुर्बिणीत दोष आहे का, दहा इंची घ्यावी का, की लाइट पोल्युशन फिल्टर लावून काम भागेल?

आधी थेट उत्तर देतो. दुर्बीण चांगली आहे. एम ५७ चं कडं दिसलं म्हणजे आरसे जागेवर आहेत आणि तुमची शोधण्याची पद्धतही बरोबर आहे. एम १०१ बहुधा तुमच्या आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, येऊनही गेली असेल. ती दिसली नाही, कारण तिच्या मागचं ठाण्याचं आकाश तिच्यापेक्षा कितीतरी उजळ आहे. यावर मोठी दुर्बीण हा उपाय नाही आणि फिल्टर तर नाहीच. उपाय आहे जागा बदलणं.

ॲपमधली प्रत का फसवते ते नीट समजून घ्या, कारण पुढे प्रत्येक दीर्घिकेच्या वेळी हे उपयोगी पडणार आहे. ७.९ ही प्रत म्हणजे एम १०१ चा सगळा प्रकाश एका बिंदूत गोळा केला तर तो तारा किती तेजस्वी दिसेल, याचा आकडा. पण हा प्रकाश एका बिंदूत नाही. दीर्घिकेचा आकाशातला विस्तार २९ गुणिले २७ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आहे, जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा. क्षेत्रफळ साधारण ६०० चौरस कला. एम ५७ चं क्षेत्रफळ जेमतेम १ चौरस कला. म्हणून पृष्ठतेज बघायचं, म्हणजे दर चौरस विकलेमागे (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) किती प्रकाश येतो ते. हिशेब केला तर एम ५७ चं पृष्ठतेज सुमारे १७.८ येतं आणि एम १०१ चं सरासरी २३.७. आकडा मोठा म्हणजे वस्तू मंद, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभर पट. त्यामुळे ॲपमध्ये जास्त तेजस्वी म्हणून नोंदलेली दीर्घिका प्रत्यक्षात त्या कड्यापेक्षा दोनशेहून अधिक पट फिकी आहे.

आता आकाश घ्या. ठाणे, कळवा, भिवंडी या पट्ट्यात बऱ्यापैकी स्वच्छ रात्रीसुद्धा आकाशाचं स्वतःचं पृष्ठतेज १८ च्या आसपास धरावं लागतं. एम ५७ चं कडं या आकाशाच्या तोडीचं आहे, म्हणून ते उठून दिसतं. एम १०१ मात्र या आकाशापेक्षा दोनशे पट मंद आहे. दीर्घिका आहे त्या जागेवर आकाश फक्त अर्ध्या टक्क्याने जास्त उजळ दिसणार, आणि अंधुक प्रकाशात डोळ्याला काही टक्क्यांचा तरी फरक लागतो. तिचा मधला भाग सरासरीपेक्षा उजळ आहे हे खरं, पण एवढी तूट तो भरून काढू शकत नाही.

मोठ्या दुर्बिणीने हे गणित का बदलत नाही, हे बऱ्याच जणांना पटत नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. ताऱ्यासाठी मोठा आरसा म्हणजे जास्त प्रकाश, सरळ हिशेब. पसरलेल्या वस्तूचं तसं नाही. दहा इंची आरसा दीर्घिकेचा प्रकाश जितका वाढवेल तितकाच तिच्या मागच्या आकाशाचाही वाढवेल. दोघांचं प्रमाण तेच, दोनशेला एक. अंधाऱ्या जागी मोठ्या आरशाचा फायदा होतो, कारण तेवढ्याच उजेडात प्रतिमा मोठी करून बघता येते आणि मोठा मंद डाग डोळा लवकर पकडतो. पण त्यासाठी डाग आणि आकाश यांत मुळात फरक असावा लागतो. घोडबंदरला तो फरकच उरलेला नाही.

फिल्टरचंही तेच. रस्त्यांवर पिवळे सोडियमचे दिवे होते तेव्हा त्यांचा ठरावीक रंग गाळून टाकता यायचा. आता सगळीकडे पांढरे एलईडी आले आहेत आणि त्यांचा प्रकाश सर्व रंगांत पसरलेला असतो. दीर्घिकेचा प्रकाश अब्जावधी ताऱ्यांचा, म्हणजे तोही सर्व रंगांत पसरलेला. फिल्टर दोघांनाही सारखाच कापतो. तेजोमेघांसाठी अरुंद पट्ट्याचा फिल्टर जरूर घ्या, त्याचा उपयोग होतो. दीर्घिकांसाठी त्यावर पैसे घालवू नका.

ही अडचण आजची नाही. पिएर मेशँ या फ्रेंच निरीक्षकाने १७८१ च्या मार्च महिन्यात एम १०१ शोधली. एम हे क्रमांक ज्या यादीतून आले त्या मेसिएच्या यादीत तिच्या नोंदीत म्हटलं आहे की हा तेजोमेघ (तेव्हा दीर्घिकांनाही तेजोमेघच म्हणत) अतिशय अंधुक आहे आणि दुर्बिणीतल्या मोजणीच्या तारा दिसाव्यात म्हणून जरासा उजेड केला तरी तो ओळखणं कठीण होतं. तो पॅरिस विजेच्या दिव्यांच्या शंभर वर्षं आधीचा होता. त्या अंधारातही आयपीसजवळच्या इवल्याशा उजेडाने जी दीर्घिका जात होती, ती आपल्याकडे टोलनाके, गोदामं आणि टॉवरच्या दिव्यांत दिसावी अशी अपेक्षा ठेवणं तिच्यावर अन्याय आहे. मेशँने तिचा व्यास फक्त सहा-सात कला नोंदवला. म्हणजे त्यालाही फक्त मधला भागच दिसला, पसरलेले हात नाहीत.

आता कुठे जायचं ते. तुमच्याकडे गाडी आहे असं लिहिलं आहे, तेव्हा कल्याण–मुरबाड रस्ता धरा. मुरबाड ओलांडून टोकावड्याच्या पुढे माळशेजच्या पायथ्याकडे गेलात की शहराचा उजेड पश्चिमेला मागे पडतो आणि उत्तरेचं आकाश वरपर्यंत मोकळं मिळतं. आकाशाचं पृष्ठतेज २१ पर्यंत उतरलं तर एम १०१ त्याच्यापेक्षा दोनशे पट नव्हे, बारा-तेरा पट मंद राहते. म्हणजे तिच्या जागी सुमारे आठ टक्के जास्त उजेड. सरावलेल्या डोळ्याला तो कळतो. एकट्याने जाऊ नका. शेतमालकाची परवानगी घ्या आणि गावच्या पोलीस पाटलांना आधी कळवून ठेवा. रात्री माळावर लाल दिवे घेऊन फिरणारी माणसं पाहून गावकऱ्यांनी चौकशीला यावं हे स्वाभाविकच आहे, आणि एकदा ओळख झाली की तीच माणसं पुढच्या वेळी अंगणातला दिवा बंद करून देतात. नवी मुंबईच्या बाजूने येणाऱ्यांना कर्जत, वांगणी जवळ पडतं. वांगणीला हौशी निरीक्षकांचे रात्रभराचे कार्यक्रम अनेक वर्षं होत आले आहेत. अशा एखाद्या कार्यक्रमाला पहिल्यांदा जाणं सगळ्यात उत्तम, कारण दुसऱ्याच्या दुर्बिणीतून एकदा दीर्घिका पाहिली की आपल्या दुर्बिणीत काय शोधायचं ते कळतं. येऊरचा विचार सोडा. तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, रात्रीच्या प्रवेशावर बंधनं आहेत, आणि तिन्ही बाजूंनी शहर असल्याने आकाशही फारसं काळं नाही.

केव्हा जायचं हे जास्त महत्त्वाचं. एम १०१ ची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर, ५४ अंश उत्तर आणि ठाण्याचा अक्षांश सुमारे १९.२ अंश, म्हणून ती उत्तरेला जास्तीत जास्त ५५ अंश उंचीवर येते. ही उंची उत्तम आहे. एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती रात्री साडेबाराच्या सुमारास या जागी असते, मेच्या मध्याला अकराच्या सुमारास. जूनमध्ये ती संध्याकाळी सोयीच्या वेळी सर्वांत उंच येते, पण तोवर आपल्याकडे पाऊस येतो. त्यामुळे बहुतेक लोक एप्रिल-मे धरतात. माझं मत वेगळं आहे. एप्रिल-मेमध्ये मुरबाड-शहापूर भागात शेतकरी राब भाजतात, डोंगरांवर वणवे लागतात, आणि तो धूर खाली दरीत साचतो. वर दमट हवा. तारे दिसतात, पण आकाशाला एक दुधट छटा येते, आणि मंद दीर्घिकेला तीच मारते. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत अमावास्येच्या आगेमागे पहाटे जा. जानेवारीच्या मध्याला पहाटे पाचला ती ईशान्येच्या बाजूला ४८ अंशांवर असते, फेब्रुवारीच्या मध्याला पाचला थेट उत्तरेला सर्वांत उंच. मध्यरात्रीनंतर आजूबाजूचे बरेच दिवे बंद झालेले असतात, धूळ खाली बसलेली असते. दहिवर मात्र पडतं. दुर्बिणीच्या तोंडाला काळ्या फोमचा लांब कॉलर लावा, आणि आयपीस जॅकेटच्या खिशात ठेवा म्हणजे त्यांवर बाष्प धरणार नाही.

शोधायची रीत सोपी आहे, आणि तिच्यातच आकाशाची परीक्षाही आहे. उत्तरेला तोंड करून उभे राहिलात आणि सप्तर्षी वर आलेले असले की चौकोन डावीकडे आणि शेपूट उजवीकडे असते. शेपटीच्या टोकाचा मरीची, त्याच्या आधीचा वसिष्ठ. या दोघांना पाया धरून ध्रुवाच्या बाजूला, म्हणजे तुम्हाला खालच्या बाजूला, जवळजवळ समभुज त्रिकोण कल्पा. तिसऱ्या टोकाला एम १०१. त्रिकोणावर विसंबण्यापेक्षा वाट धरून जाणं खात्रीचं. वसिष्ठापासून पूर्वेकडे चार मंद ताऱ्यांची एक ओळ निघते, नकाशांत त्यांना ८१, ८३, ८४ आणि ८६ हे क्रमांक आहेत. शेवटच्या ८६ पर्यंत या आणि तिथून पूर्वेकडेच, जरा ध्रुवाच्या बाजूला झुकत, सुमारे दीड अंश सरका.

हे चार तारे साधारण ४.७ ते ५.७ प्रतींचे आहेत. नुसत्या डोळ्यांनी ही ओळ दिसत असेल तर त्या रात्री एम १०१ दिसण्याची पुरेशी शक्यता आहे. ओळ दिसत नसेल, पण वसिष्ठाशेजारची अरुंधती स्वच्छ वेगळी दिसत असेल, तर मरीचीजवळच्या एम ५१ या जास्त उजळ सर्पिल दीर्घिकेवर समाधान माना. आणि चौकोनातला चौथा, ३.३ प्रतीचा अत्रीसुद्धा शोधावा लागत असेल, तर दीर्घिकांचा नाद त्या रात्री सोडून ग्रह, जोडतारे, तारकागुच्छ पाहा. घोडबंदरच्या गच्चीवरून ही परीक्षा एकदा कराच. उत्तर तुमचं तुम्हाला मिळेल.

आयपीस कमी वर्धनाचं हवं. तुमच्या दुर्बिणीचं नाभीय अंतर १२०० मिलिमीटर असणार. सोबत आलेल्या २५ मिलिमीटरच्या आयपीसने ४८ पट वर्धन आणि जेमतेम एक अंशाचं क्षेत्र मिळतं. दीर्घिका अर्ध्या अंशाची, म्हणजे तिच्याभोवती काळं आकाश पुरेसं उरत नाही आणि तुलनाच होत नाही. ३२ मिलिमीटरचं साधं प्लॉसल जातीचं आयपीस घ्या. क्षेत्र १.३ अंशांवर जातं, आणि डोळ्यात येणारा किरणझोत ४ मिलिमीटरचा होतो. किमान अर्धा तास मोबाइलकडे पाहू नका. मग आयपीसमध्ये थेट न पाहता किंचित बाजूला नजर ठेवा आणि दुर्बिणीला बोटाने अगदी हलका धक्का द्या. स्थिर मंद डाग डोळा विसरून जातो, हलला की पुन्हा पकडतो.

दिसेल ते असं असेल: कडा नसलेला, राखाडी, गोलसर उजळपणा, मध्याकडे किंचित दाट. रंग नाही. सर्पिल हात सहा इंचीत बहुधा नाहीत. अगदी चांगल्या रात्री एखादी बाजू जरा लांब पसरल्यासारखी वाटू शकते, आणि ते खरंही असतं, कारण ही दीर्घिका एकांगी आहे. तिचा गाभा तिच्या चकतीच्या मध्यावर बसत नाही. एनजीसी ५४७४ या छोट्या शेजारी दीर्घिकेच्या ओढीशी याचा संबंध लावला जातो. हबल दुर्बिणीचं २००६ मध्ये प्रसिद्ध झालेलं तिचं जे भव्य चित्र तुम्ही पाहिलं असेल, ते ५१ स्वतंत्र छायाचित्रं जोडून बनवलेलं आहे. ते मनात घेऊन आयपीसला डोळा लावू नका. उलट निघण्याआधी आठवडाभर तिचा एकही फोटो पाहू नका. जे दिसेल ते कागदावर पेन्सिलीने उतरवा आणि घरी येऊन फोटोशी ताडून पाहा.

हे मी एवढ्या आग्रहाने सांगतो, त्याला इतिहासात मोठं कारण आहे, आणि ते याच दीर्घिकेशी जोडलेलं आहे. अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेतल्या आद्रियान व्हान मानन यांनी १९१६ मध्ये एम १०१ च्या वेगवेगळ्या वर्षांच्या छायाचित्रांच्या काचा ताडून पाहिल्या आणि तिच्या हातांमधले बिंदू सरकलेले आहेत, सुमारे ८५ हजार वर्षांत ती एक फेरी पूर्ण करते, असं जाहीर केलं. व्हान मानन हे अत्यंत काटेकोर मापनासाठी ओळखले जात. त्यांचं म्हणणं खरं असतं तर एम १०१ आपल्या आकाशगंगेच्या आतच असायला हवी होती, कारण ती दूर असेल तर तिच्या कडा प्रकाशाहून वेगाने फिरत आहेत असं निघालं असतं. २६ एप्रिल १९२० रोजी वॉशिंग्टनला हार्लो शॅपली (बाजू: जवळ) आणि हेबर कर्टिस (बाजू: दूर) या खगोलशास्त्रज्ञांच्यात सर्पिल तेजोमेघ जवळ की दूर यावर प्रसिद्ध चर्चा झाली, त्यात शॅपलींच्या बाजूला या मापनाचं मोठं बळ होतं. पुढे खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी देवयानी दीर्घिकेत सेफीड जातीचे, ठरावीक लयीत तेज बदलणारे तारे शोधून अंतर काढलं आणि सर्पिल दीर्घिका आकाशगंगेच्या फार बाहेर आहेत हे ठरलं. व्हान मानन यांनी मोजलेलं सरकणं प्रत्यक्षात नव्हतंच. आज एम १०१ चं अंतर सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षं मानलं जातं आणि व्यास सुमारे १ लाख ७० हजार प्रकाशवर्षं. अंधुक कडांच्या या दीर्घिकेत अनुभवी माणसालाही नसलेलं दिसू शकतं. म्हणून आधी कागदावर नोंद, मग फोटो.

गच्ची अगदी वाया गेली असं समजू नका. मार्चमध्ये रात्री दहा-अकराला सप्तर्षीच्या चौकोनातल्या पुलस्त्यापासून समोरच्या कोपऱ्यातल्या क्रतूपर्यंत रेघ काढून तेवढीच पुढे वाढवा. तिथे एम ८१ आणि एम ८२ एकमेकींपासून जेमतेम ३८ कलांवर आहेत, तुमच्या ३२ मिलिमीटरच्या आयपीसमध्ये दोघी एकदम येतील. उंची ४० अंश. एम ८१ चं केंद्र चांगलं घट्ट आहे आणि एम ८२ अरुंद लांबट, त्यामुळे शहरातूनही बऱ्या रात्री त्यांची जाणीव होते. एम ८१ सुद्धा सर्पिल आहे, अंतर १ कोटी २० लाख प्रकाशवर्षं. तुम्हाला उत्तरेतली एखादी सर्पिल दीर्घिका आधी घरूनच पाहायची असेल तर सुरुवात तिच्यापासून करा.

गच्चीवरून एम १०१ हवीच असेल तर कॅमेरा. छोटी स्मार्ट दुर्बीण किंवा ट्रॅकिंगच्या माउंटवर साधा कॅमेरा, दहा-दहा सेकंदांची शेकडो छायाचित्रं आणि त्यांचं स्टॅकिंग, म्हणजे ती एकावर एक रचून एक चित्र करणं. आकाशाचा उजेड संगणकात वजा करता येतो, फक्त त्याचा गोंगाट उरतो आणि तो छायाचित्रांच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होत जातो. म्हणजे दुप्पट स्वच्छ चित्र हवं असेल तर चौपट वेळ. माळशेजच्या पायथ्याला एका तासात जे मिळेल त्यासाठी घोडबंदरला साधारण सोळा तास लागतील, पण ते तास वेगवेगळ्या रात्रींत विभागता येतात.

आणि एक प्रसंग असा आहे, ज्यात गच्चीवरची दुर्बीणही कामाची ठरते. १९ मे २०२३ ला जपानच्या कोइची इतागाकी यांनी एम १०१ मध्ये सुपरनोव्हा शोधला, एसएन २०२३आयएक्सएफ. काही दिवसांत तो अकराव्या प्रतीच्या आसपास पोहोचला. तो बिंदू होता, पसरलेला डाग नव्हता, म्हणून शहरातून सहा-आठ इंची दुर्बिणीच्या आवाक्यात होता. दीर्घिका दिसत नाही, पण तिच्यातला एक मरणारा तारा दिसू शकतो! लडाखमधल्या हान्ले इथल्या दोन मीटरच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीने, आयआयटी मुंबईचा सहभाग असलेल्या तिथल्याच ग्रोथ-इंडिया दुर्बिणीने आणि अवकाशातून भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाने त्याची निरीक्षणं घेतली. त्याआधी २०११ च्या ऑगस्टमध्ये याच दीर्घिकेत फुटलेला एसएन २०११एफई तर दहाव्या प्रतीच्याही किंचित वर गेला होता. तेव्हा त्या चार ताऱ्यांची वाट गच्चीवरून पाठ करून ठेवा, आणि भोवतालच्या ताऱ्यांचं एक रेखाचित्र आताच काढून ठेवा. पुढचा सुपरनोव्हा जाहीर होईल त्या रात्री जास्तीचा तारा ओळखायला ते लागेल.

राहता राहिली दहा इंची. वर्षभरात पाच-सहा अमावास्यांना तुम्ही खरोखर बाहेर जाऊ लागलात आणि सहा इंचीत एम १०१, एम ५१ निश्चितपणे टिपू लागलात, तर दहा इंची जरूर घ्या. काळ्या आकाशाखाली तिच्यात एम ५१ चे हात जाणवू लागतात, आणि एम १०१ मधले वायूचे प्रचंड ढग, ज्यांना एनजीसी ५४६१, ५४६२, ५४७१ असे स्वतंत्र क्रमांक मिळाले आहेत, ते एकेक शोधता येतात. फक्त तिचं वजन पंचवीस-तीस किलोंच्या घरात जातं आणि नळी सव्वा मीटरच्या आसपास लांब असते. पैसे भरण्याआधी तुमच्या गाडीची मागची सीट आणि सोसायटीची लिफ्ट दोन्ही टेपने मोजून घ्या.